जपान, बहुतेक

देश निवडायला मला तीन मिनिटं पुरतील, असं मी ममताला सांगितलं. आणि अगदी छातीठोकपणे सांगितलं! भूगोलाचा मास्तर आहे मी. यवतमाळात माझ्या हाताखालून गेलेली पोरं कलेक्टर कचेरीपासून पाणीपुरीच्या गाडीपर्यंत सगळीकडे आहेत. त्यातल्या कोणालाही विचारा, विषुववृत्त कुठून जातं ते तो धडाधड सांगेल. निदान पाणीपुरीवाला तरी सांगतो. कलेक्टर कचेरीतला ओळख दाखवत नाही.

तर विषय असा, की लग्नाला पंचवीस वर्षं झाली आणि मी बायकोला कुठे म्हणून नेलं नव्हतं. लग्न झालं त्याच आठवड्यात ‘आपण कुठेतरी जाऊ हां’ असं म्हणालो होतो, आणि तेव्हापासून दरवर्षी नुसतं म्हणतच होतो. अडचण मे महिन्याची! मास्तरला सुट्टी मेमध्ये, आणि मेमध्ये आमचं घर आमचं नसतं. यवतमाळच्या लोहारा भागात आम्ही राहतो, तिथे आमच्या बोअरला भर उन्हाळ्यात पाणी असतं, आणि हॉलमध्ये असा दांडगा कूलर आहे, की समोर बसलेल्याच्या हातातला पेपर उडून मागच्या भिंतीला चिकटतो. यवतमाळात उन्हाळ्यात ज्याच्याकडे पाणी आणि कूलर, त्याच्याकडे पाहुणे! लग्न कोणाचंही असो, कुठल्याही हॉलमध्ये असो, मुक्काम आमच्याकडे. अख्खा मे ममता ओट्यापाशी उभी राहून काढते, आणि मी पाहुण्यांना स्टँडवरून आणतो, पुन्हा स्टँडवर सोडतो. शेवटचा पाहुणा जातो तेव्हा शाळा उघडायची वेळ झालेली असते.

या वर्षी मात्र आमची मोनाली पुण्याहून फोनवर कडाडली. नोकरी लागल्यापासून ती मला रागावते.

“बाबा, यंदा आईले देशाच्या भायेर घेऊन जा. नाही नेलं तं मी घरी येणार नाही!”

म्हणून मार्चमधल्या एका रविवारी, पंख्याखाली घाम पुसत, मी शाळेतून आणलेला जगाचा नकाशा दिवाणावर पसरला आणि हातात पट्टी घेतली.

“हे पाह्य ममता, आपल्या इथला वसंत मे येईपर्यंत जळून जाते. पण थो वरवर सरकत जाते ना! मेच्या सुरुवातीले बरोब्बर इथं पोचते. जपान! वरचं टोक! गुलाबी फुलाइचे झाडच्या झाडं!”

“मी काय म्हणते,” ममता मेथी निवडता निवडता म्हणाली, “मले ना, खरं सांगू का...”

बेल वाजली. ममताचं वाक्य आमच्या घरात नेहमी बेलच पुरं करते.

शेजारचे मारोतराव होते. निवृत्त तलाठी. दुसऱ्याची जमीन मोजायची सवय अजून गेलेली नाही. आत येऊन त्यांनी आधी नकाशा पाहिला, मग मला.

“बदली झाली का गा तुही?”

“नाही हो. फिरायले जाऊन राह्यलो. जपानले, बहुतेक.”

“जपान? तिथं भूकंप येते ना! दुबईले जा.”

“मेमध्ये दुबई? ते यवतमाळच आहे काका, फक्त समुद्र जास्तीचा!”

“मंग स्वित्झर्लंड. नाही, नोको! माहा साडू गेलता तिथं. आठ दिवस नुसता पाव खाल्ला बिचाऱ्यानं. परत आला अन् स्टँडवरच बेसन-भाकर घेऊन बसला. रडत होता खाता खाता!”

मारोतराव उठले तेव्हा माझी तीन मिनिटं संपून दोन तास झाले होते. मेथी निवडून झाली होती आणि जगातला एकही देश राहण्यालायक उरला नव्हता.

पुढचे काही दिवस मला आठवतात ते नुसत्या थकव्यासारखे. शाळेत थायलंड, विहारात श्रीलंका, केस कापताना मलेशिया! मोनालीचा रोज नवा व्हिडिओ. आज व्हिएतनाम, उद्या तुर्कस्तान. ज्यांनी वर्धा नदीच्या पलीकडे पाय ठेवला नव्हता, तेही मला व्हिसा कसा काढायचा ते सांगत. मी मान हलवी. मान हलवून हलवून माझी मान दुखायला लागली. आमच्या दोघांकडे पासपोर्ट नव्हते, पण ती गोष्ट मी तेव्हा किरकोळ समजत होतो.

खरा घोटाळा झाला तो खिरीमुळे. बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात खीर वाटतात, आणि ती जबाबदारी दरवर्षी माझ्याकडे असते. यंदा मी नसणार, हे आधी सांगितलेलं बरं, म्हणून मी समितीचा सचिव अश्वजित याच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. हा माझाच जुना विद्यार्थी. नकाशात कधीच मन लागलं नाही त्याचं, पण उत्साह भारी!

“अश्वजित, यंदा खिरीचं तू पाह्यजो बावा. मी बाहेर जाऊन राह्यलो.”

“कुठी, सर?”

“जपान, बहुतेक.”

‘बहुतेक’ हा शब्द मी वापरला होता. मला पक्कं आठवतं. पण फ्लेक्सवर बहुतेक छापत नाहीत!

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघालो, तर लोहाऱ्याच्या चौकात मीच उभा! आडवा, लांबलचक, गॉगल लावलेला. मी जन्मात गॉगल लावलेला नाही, तो छपाईवाल्याने लावला होता. ‘आयु. इंद्रजित सर यांना जपान दौऱ्यानिमित्त मंगल कामना!’ माझ्या मागे पॅरिसचा मनोरा. खाली समितीच्या सगळ्या सदस्यांचे फोटो, एकेक माझ्याहून मोठा. ममताचं नाव मात्र कुठेच नव्हतं.

“मनोरा काहून टाकला रे?” मी अश्वजितला फोन केला.

“सर, विदेशाचं त्याच्याकडं तेवढंच होतं!”

त्या फ्लेक्सने माझा छळ मांडला. लालीबाईच्या भाजीच्या दुकानात मी कोथिंबिरीची जुडी उचलली आणि सवयीने म्हणालो, “जरा कमी करा ना.” ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“जपानले चालले अन् सांबाराचा भाव करता, गुरुजी?”

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्या दिवसापासून मी सांबाराशिवाय घरी येऊ लागलो. शाळेत तर मुख्याध्यापकांनी परिपाठाच्या वेळी माझा सत्कारच केला! शाल, गुलाबाचं फूल, आणि ‘आपल्या शाळेचं नाव सातासमुद्रापार’ असं भाषण. चाळीस डिग्रीत अंगावर शाल घेऊन मी उभा होतो आणि पोरं टाळ्या वाजवत होती. शाल घेतल्यावर माणसाला देशात राहता येत नाही.

आणि त्याच संध्याकाळी कळलं, की आता अर्ज केला तरी पासपोर्ट हाती पडेपर्यंत जपानची फुलं गळून जातील.

“आता?” मी दिवाणावर नकाशाशेजारी आडवा झालो.

“मी काय म्हणते,” ममता जवळ येऊन बसली. “आयका ना जरा. मले जपानचं...”

बेल वाजली!

दारात माझे सासरे उभे होते. डोमाजी. वय ऐंशी, पांढरं धोतर, काखेत पिशवी. बाभुळगावाहून एसटीने एकटेच आले होते. फ्लेक्सची बातमी तिथवर पोचली होती.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि नकाशावर वाकले.

“जवाईबापू, जपान कोन्या बाजूले येते?”

मी दाखवलं.

“अन् लुंबिनी?”

मी बोट सरकवलं. बरंच सरकवावं लागलं.

“हे तं जोळच हाय! हाबी परदेशच ना?”

“हो, मामाजी. नेपाळ.”

“तिथं जायले पासपोर्ट लागते?”

“नाही. मतदान कार्ड चालते.”

त्यांनी लुंबिनीवर स्वतःचं बोट ठेवलं आणि म्हणाले, “अख्खं आयुष्य वंदना म्हणून राह्यलो. जिथं बुद्ध जन्मले, थे जागा पाहाची राहून गेली. पौर्णिमेले तिथं पोचलो असतो तं...” आवाज जरा ओला झाला होता त्यांचा.

यानंतर जपानचं नाव कोण काढणार? ममताने पदर डोळ्याला लावला.

“बाबा, मी काय म्हणते...”

“तू चहा मांड, बाई,” ते म्हणाले.

ती चहा मांडायला गेली. न जाऊन करते काय! भूगोलाचा मास्तर मी, पण देश निवडला एका म्हाताऱ्या माणसाने, तोही तीन मिनिटांच्या आत.

म्हणजे आता आम्ही तिघं. आगगाडीने गोरखपूर, तिथून पुढे सीमा. सोपं! असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या थोरल्या बहिणीचा, जयाबाईचा फोन आला.

“काय रे इंद्रजित, सासरा चालला अन् सख्खी बहीण नाही?”

“अवं बाई, तसं नाही...”

“मंग कसं? आमी दोघं येऊन राह्यलो. अन् नणंदेले बी ईचारलं, थे बी तयार हाय!”

मग जयाबाईच्या नणंदेची जाऊ. मग तिचे व्याही. मग ममताच्या माहेरचे, मग माझ्या आजोळचे. आगगाडीत इतक्या जागा मिळेनात, म्हणून हरिसिंगची बस ठरली. हरिसिंग दरवर्षी यात्रेच्या बसा काढतो. शांत माणूस, कशानेच हलत नाही.

“सर, बस न्याची तं भरून न्या लागते,” तो म्हणाला. “अन् सैपाकी सोबत ठेवजा. तिकडची दाल आपल्या लोकाइले मानवत नाही.”

म्हणून सुखीबाई स्वयंपाकाला ठरली. तिच्यासोबत गॅसच्या टाक्या, तुरीच्या डाळीचं पोतं, तिखटाचा डबा आणि पोळ्या लाटायला तिची बहीण. अश्वजितने समिती घेऊन यायचं ठरवलं. खीर यंदा लुंबिनीतच वाटू, म्हणाला! आणि चौकातल्या फ्लेक्सवर ‘जपान’च्या जागी ‘लुंबिनी’ अशी पट्टी चिकटवली. पॅरिसचा मनोरा तसाच ठेवला.

रोज संध्याकाळी हरिसिंगचा फोन येई.

“सर, आजून चार वाढले.”

“कोण?”

“तुमचे दारव्ह्याचे.”

“त्याइले कोणं सांगतलं?”

“मले काय मालूम? नावं येऊन राह्यले, मी घेऊन राह्यलो.”

मला मामाजींचा संशय होता. मामाजींना माझा. जयाबाई म्हणे, अश्वजितच सगळ्यांना सांगत सुटला असेल. मी मात्र पार चेपला गेलो होतो. दिवसभर पेपर तपासायचे, आणि मग बसमध्ये कोण कोणाशेजारी बसणार नाही याची मिटवामिटवी! दिग्रसच्या काकांना खिडकी पाहिजे, कारण त्यांना उलटी होते. काकूंना काकांच्या मागची सीट नको, त्याच कारणाने. नेपाळबद्दल मला आजवर डोंगर आणि नद्या माहीत होत्या. आता कोणाला कोणत्या घाटात गोळी द्यायची, हेही पाठ झालं. वसंत, फुलं, आम्ही दोघं, हे सगळं त्या गडबडीत कुठल्या कुठे गेलं. रात्री पडलो की पाय ठणकत, आणि मी अजून कुठे गेलोही नव्हतो!

एकच गोष्ट मला कळत नव्हती. ममता खुशीत होती. नुसती खुशीत नाही, ओट्यापाशी गुणगुणत होती! फोनवर तासन्‌तास बोले. मी गेलो की “बरं, ठेवते मावशी” म्हणून फोन ठेवून देई. आणि ‘मी काय म्हणते’ हे वाक्य तिने कित्येक दिवसांत सुरूच केलं नव्हतं.

“तुले राग नाही आला?” मी एकदा विचारलं. “दोघंच जाणार होतो आपण.”

“कायले राग येईन? जाऊ द्या साऱ्याइले. जेवढे जातीन तेवढे चांगले.”

काय मन आहे या बाईचं, म्हणून मला भरून आलं.

निघायचा दिवस उजाडला. विहारासमोर बस उभी. वंदना झाली, मामाजींच्या गळ्यात फुलांचा हार पडला. मग सगळे बसमध्ये एकदम घुसले. पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, उशा, चिवड्याचे डबे! दिग्रसच्या काकांना खिडकी मिळाली. सुखीबाईने डाळीच्या पोत्यावरच बसकण मारली. मी दारात घामाने निथळत उभा होतो, आणि एवढ्यात समोरून दोघं जण पळत येताना दिसले. कळंबचे वामनराव आणि भागीरथाबाई! ममताची मावशी आणि तिचा नवरा. हातात पिशवी, डोक्यावर चुंबळ आणि त्यावर पाण्याचा माठ!

“थांबा, थांबा!” वामनराव धापा टाकत ओरडले. “आमी हावो!”

“काका, जागा नाही आता!” माझा पाराच चढला. “मुंगी बसत नाही आत! तुमाले कोणं बोलावलं?”

“या मावशी, या!” मागून ममताचा आवाज आला. “तुमच्या दोन जागा ठेवल्या हायेत. दुसरी लाइन, डाव्या हाताले.”

“अवं, त्या आपल्या जागा हायेत!” मी म्हणालो.

“होत्या,” ममता म्हणाली, आणि मावशीचा माठ हातात घेऊन त्यांना वर चढवलं.

मी हरिसिंगकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले.

“सर, ममताबाईनंच तं सारे नावं देल्ले मले. एकेकाले सोता फोन करून तयार केलं. तुमाले मालूम नाही?”

ममता खिडकीशी गेली. मामाजींच्या हातात तिने औषधांची पिशवी दिली, कोणती गोळी सकाळी, कोणती जेवल्यावर, ते पुन्हा सांगितलं.

“तू नाही येत, बाई?” त्यांनी विचारलं.

“तुमी पाहून या, बाबा. माह्यासाठी बी वंदना करजा. आल्यावर सारं सांगजा मले.”

म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हरिसिंगने हॉर्न दिला आणि बस हलली. खिडक्या एकेक करून माझ्यासमोरून सरकू लागल्या, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. जयाबाई. तिची नणंद. दारव्ह्याचे. दिग्रसचे. कळंबचे! या एकूणएक चेहऱ्यांना मी दर मे महिन्यात स्टँडवरून घरी आणत आलो होतो. आमच्या कूलरसमोर झोपणारा एकही माणूस ममताने जिल्ह्यात शिल्लक ठेवला नव्हता!

घरी आलो. ममताने आतून कडी लावली, कूलर सुरू केला, त्याच्यासमोर दिवाणावर बसली आणि दोन्ही पाय वर घेतले. नकाशा अजून तिथेच होता. तिने तो उशीखाली सारला. वारा तिच्या केसांत शिरला आणि तिने डोळे मिटले.

“मी काय म्हणून राह्यली होती,” ती म्हणाली.

मी बेलकडे पाहिलं. बेल गप्प होती.

“मले जपान नोको होतं. दुबई बी नोको. मे महिन्यात मले माह्या घरात राहाचं होतं. पाव्हण्यासारखं. पंचवीस वर्षं झाले, या कूलरच्या पुढं मी बसलीच नाही कधी.”

मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं! सगळं जग धुंडाळलं, आणि हिला विचारायचं तेवढं राहून गेलं. मी काहीतरी चांगलं बोलायला तोंड उघडलं, आणि बेल वाजली.

“दरवाजा खोलू नका!” ममता कुजबुजली. “गावाले वाटते आपण विदेशात हावो. फ्लेक्स लागला हाय ना!”

आम्ही दोघं श्वास रोखून बसलो. मी हळूच कूलर बंद केला. बाहेर कोणीतरी अनोळखी आवाज विचारत होता, “गुरुजी हायेत का? लग्नाची पत्रिका द्याची होती. मुक्कामाचं बी बोलाचं होतं जरा.”

“कुठचे गुरुजी!” मारोतरावांचा आवाज आला. “गेले ना थे जपानले!”

“जपान? आमी तं लुंबिनी ऐकलं.”

“पट्टी उडून गेली काल हवेनं. खालून जपानच निंघालं. मले पहिलेपासूनच मालूम होतं, गुरुजी काही खरं सांगत नाही!”

पावलं दूर गेली. ममताने कूलर पुन्हा लावायची खूण केली. मी लावला. ती आणखी आरामात टेकली.

“चहा आणा,” ती म्हणाली. “साखर कमी. अन् जेवायले काय हाय आज?”

“मी करू?”

“मंग कोण? पाव्हण्यानं करायचा का सैपाक?”

मी ओट्यापाशी जाऊन उभा राहिलो. तेव्हापासून उभाच आहे! सकाळी चहा, मग पोहे, मग पोळ्या. पोळ्यांचा आकार पाहून ती रोज विचारते, हा कोणता देश? परदेशात वाढणाऱ्याला टीप द्यायची पद्धत आहे म्हणे. मला अजून मिळालेली नाही.